चिमणीच्या डक्टचा रस्ता कसा ठरवावा? ओटा निघायच्या आधी सल्ला हवाय

उंबरठा
नमस्कार मंडळी. स्वयंपाकघराचं काम काढलंय, पुढच्या आठवड्यात जुना ओटा निघेल, आणि त्याच्या आधी चिमणीच्या डक्टचं (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचं) एकदाचं नक्की करून टाकायचंय. मशीन अजून घेतलेलं नाही, पण जी दोन-तीन बघितली त्या सगळ्यांचं वरचं तोंड १५० मिमीचं आहे आणि ताशी ६०० घनमीटरच्या आसपास हवा ओढतात असं पुस्तिकेत लिहिलंय.

जागा अशी आहे. शेगडी आतल्या भिंतीला. तिच्या मध्यापासून उजवीकडे बाहेरची भिंत ३.२ मीटरवर. छत २.८ मीटर, पण बाहेरच्या भिंतीला ४५ सेंमी खाली उतरलेला बीम आहे. शेगडीच्या बरोब्बर मागे, भिंतीपलीकडे, छोटी बंदिस्त बाल्कनी आहे, तिथं गॅसचा गीझर लावलाय.

सुतार म्हणतो १०० मिमीचा फ्लेक्सिबल पाइप घ्या, चिमणीवर रिड्यूसर लावतो, पाइप वरच्या कपाटांच्या आतून नेतो, दोन वळणं घेऊन खिडकीच्या वरच्या काचेतून बाहेर काढतो, काही दिसणार नाही. प्लंबर म्हणतो कशाला एवढा उपद्व्याप, मागे बाल्कनीत सरळ भोक मारा, अर्ध्या फुटात काम. आणि नवरा म्हणतो डक्टच नको, कोळशाच्या फिल्टरवाली घेऊ. तिघांचंही ऐकून डोकं भणभणलंय. आधीच्या घरातली चिमणी नुसती आवाज करायची, धूर डोळ्यांतच जायचा, आणि तसं पुन्हा होऊ द्यायचं नाहीये मला.

रंधा
मी स्वतः फर्निचरचं काम करतो त्यामुळे तुमच्या सुताराची अडचण कळते, त्याला कपाटांची ओळ अखंड हवी असते आणि १०० चा पाइप कुठूनही वळवता येतो. पण ताई, १५० च्या तोंडाला १०० चा पाइप अजिबात लावू देऊ नका. मी पूर्वी लावलेत, खोटं कशाला बोलू, आणि त्यातली दोन कामं नंतर स्वतःच उघडून परत केलीत कारण लोकांचे फोन यायचे की धूर जात नाही.

मोजपट्टी
रंधा म्हणतात ते आकड्यांत मांडतो, म्हणजे सुताराला दाखवता येईल.

ताशी ६०० घनमीटर म्हणजे सेकंदाला ०.१६७ घनमीटर. ही हवा १५० मिमीच्या गोल पाइपातून काढायची तर वेग साधारण ९.४ मीटर प्रतिसेकंद होतो. तीच हवा १०० मिमीतून काढायची तर २१ मीटर प्रतिसेकंद. आणि घर्षणाने वाया जाणारा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, शिवाय पाइप बारीक झाला की प्रत्येक मीटरला भिंतीचं घासणंही वाढतं, दोन्ही मिळून हिशेब व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातावर जातो. १५० चा १०० केला की तेवढ्याच हवेसाठी साडेसात पट दाब लागतो. गुळगुळीत पत्र्याच्या १५० च्या पाइपात मीटरमागे साधारण ७ पास्कल (दाबाचं एकक) जातात, १०० च्या पाइपात ५० च्या वर, आणि हे सगळं गुळगुळीत पत्र्याचं. सुरकुत्यांचा फ्लेक्सिबल पूर्ण न ताणता लावला तर याच्याही दुप्पट किंवा जास्त धरा.

आता मशीन काही एवढा दाब देणार नाही. पंखा तेवढाच राहतो, हवा कमी होते. पुस्तिकेतला ६०० चा आकडा बहुतेक वेळा पुढे काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो, तो तुमच्या घरात मिळायचा आकडा नाही. पुस्तिकेत दाब आणि हवा यांचा आलेख दिला असेल तर तो बघा, मॉडेल निवडताना मी सगळ्यात आधी तेच पान उघडतो. तुमच्या आधीच्या घरात नुसता आवाज यायचा म्हणालात, त्याचं कारण बहुधा हेच. मोटर चांगली असणार, हवेला बाहेर जायला वाट नव्हती.

उंबरठा
हे वाचून खरंच बरं वाटलं, कारण तेव्हा मला सगळे मशीनच खराब आहे सांगत होते आणि आम्ही ते बदललंसुद्धा, तरी फरक पडला नव्हता. मग १५० च्या जागी १२५ चाललं तर? कपाटाच्या वर जागा कमी आहे म्हणून विचारतेय.

मोजपट्टी
१२५ ला अडीच पट दाब. अगदी छोटा, सरळ, मीटरभराचा रस्ता असता तर चालवून घ्या म्हणालो असतो. तुमचा तीन मीटरच्या वर आहे, नका करू. चिमणीच्या तोंडापेक्षा पाइप कुठेही लहान करायचा नाही, हा नियम पक्का धरा. मोठा चालतो. तुम्हाला ८ इंची म्हणजे २०० मिमी बसवता आला तर मीटरमागचं घर्षण दोन पास्कलच्याही खाली येतं, पण इतक्या अंतराला त्याची गरज नाही.

उंचीच कमी असेल तर चपटा डक्ट मिळतो. २२० बाय ९० मिमीचा चपटा डक्ट घर्षणाच्या हिशेबाने जवळजवळ १५० च्या गोल पाइपाएवढाच पडतो. २०४ बाय ६० चाही मिळतो आणि तो १२५ च्या बरोबरीचा म्हणून खपवतात, पण हिशेब केला तर तो ११५ च्या आसपास येतो, तो घेऊ नका.

पत्रेवाला
डक्टचंच काम करतो, वीस वर्षं झाली. वरचं सगळं बरोबर आहे, मी वळणांबद्दल सांगतो कारण लोक पाइपाचे मीटर मोजतात आणि वळणं मोजतच नाहीत.

एक काटकोनी वळण, म्हणजे दोन पाइप कापून सरळ कोनात जोडलेले, ते या वेगाला आठ-नऊ मीटर सरळ पाइपाएवढं खातं. तेच वळण गोलाईचं असेल, आतून गुळगुळीत आणि गोलाईची त्रिज्या निदान पाइपाच्या व्यासाएवढी, तर दोन-अडीच मीटरवर भागतं. एवढा फरक आहे एकाच वळणात. जागा असेल तर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी (वळणाच्या जोडतुकड्याऐवजी) ४५ चे दोन घ्या, मध्ये थोडा सरळ तुकडा ठेवून. आणि दोन वळणं लागोपाठ चिकटवू नका, पहिल्यातून हवा घुसळून बाहेर पडते ती सरळ व्हायच्या आत दुसऱ्यात शिरली की आवाजही येतो आणि ओढही जाते.

फ्लेक्सिबल पाइपाचं माझं मत कडक आहे. मी बसवतच नाही. हवा कमी जाते ते आहेच, पण त्याच्या प्रत्येक सुरकुतीत तेलकट थर बसतो, तो पुसता येत नाही, मधे पाइप झोळ खातो तिथं तेल आणि पाणी साचतं, आणि शेगडीवर कधी भडका उडाला तर ते तेलच पेट घेतं. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत तर चिमणीचा डक्ट आतून गुळगुळीत, धातूचा आणि हवाबंद हवा असंच लिहिलेलं आहे, आणि तो घराबाहेरच निघायला हवा, माळ्यावर किंवा छताच्या पोकळीत सोडायचा नाही. आपण कुठेही राहत असलो तरी तेल आणि आग तीच आहे. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचा किंवा स्टीलचा पाइप घ्या.

खिडकीपाशी
मी इथं एरवी वाचत असते फक्त, पण गीझरचं वाचून राहवलं नाही. उंबरठा, प्लंबरचं अजिबात ऐकू नका प्लीज.

आमच्याकडे बंद बाल्कनीत असाच गॅसचा गीझर होता, आणि चिमणी स्वयंपाकघरात जोरात चालायची, खिडक्या लावून, कारण वाऱ्याने शेगडीची ज्योत हलायची. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि सगळं बंद असेल तर ती गीझरच्या धुराड्यातून उलटी आत येते, त्याच्या जळलेल्या गॅससकट. हे आम्हाला माहीतच नव्हतं. आईचं रोज संध्याकाळी डोकं दुखायचं, मळमळायचं, आम्ही वय झालं म्हणायचो. एक दिवस ती ओट्यापाशी खालीच बसली, उठता येईना. दारं-खिडक्या उघडून बाहेर नेलं, दवाखान्यात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड निघाला. ती बरी झाली. पण त्या आधीचे कित्येक आठवडे मी तिला उगाच कुरकुर करतेस म्हणत होते ते मला अजून आठवतं.

त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, त्याचा अलार्म मिळतो तो आता आमच्याकडे आहे. त्या बाल्कनीत चिमणीचं तोंड सोडलंत तर धूर तिथंच कोंडेल, गीझर तीच हवा ओढेल आणि दार उघडलं की सगळं परत आत. आणि गीझरच्या धुराड्याला चिमणी जोडून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मोजपट्टी
खिडकीपाशी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, आई आता ठीक आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला.

याला आकडा आहे तो लिहून ठेवतो. उघड्या धुराड्याचं, म्हणजे खोलीतलीच हवा घेऊन जळणारं, कुठलंही उपकरण आणि चिमणी एकाच वेळी चालणार असतील तर खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा ४ पास्कलच्या वर कमी होऊ द्यायचा नाही. बऱ्याच चिमण्यांच्या पुस्तिकेत हेच ०.०४ मिलिबार असं छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. ४ पास्कल म्हणजे फार थोडं. ताशी ६०० घनमीटर हवा तेवढ्याच ओढीने आत यायची तर मोकळी फट लागते साधारण १,१०० चौरस सेंमीची, म्हणजे एक मीटर दहा सेंमी उंचीची खिडकी दहा सेंमी उघडी. दाराखालच्या फटीवर भागत नाही. चिमणी निम्म्या वेगावर चालवली तर निम्मी फट पुरते.

वर संहितेचा उल्लेख आलाच आहे तर त्यातही ४०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वरच्या चिमणीला बदली हवेची सोय करायला सांगितलंय. ४०० सीएफएम म्हणजे ताशी ६८० घनमीटर, तुमची त्याच्या थोडी खाली आहे, पण बाल्कनीत गीझर असताना त्या सीमेवर विसंबू नका.

उंबरठा
वाचताना अंगावर काटा आला. बाल्कनीचा पर्याय रद्द, आत्ताच प्लंबरला कळवलं. गीझरबद्दल आज घरात बोलणं झालं, तो बंद धुराड्याचा घ्यायचा किंवा विजेचा करायचा. म्हणजे ज्याची हवा बाहेरूनच येते आणि बाहेरच जाते असा, बरोबर ना?

आणि नवऱ्याच्या कोळशाच्या फिल्टरबद्दल कुणी काही बोललंच नाही, ते पण सांगा, कारण आता त्याचाच आग्रह आहे की डक्टच नको म्हणजे हे सगळं टळेल.

खिडकीपाशी
हो बरोबर, तसाच. अलार्म मात्र तरीही लावा.

पाऊलवाट
कोळशाच्या फिल्टरवाली आम्ही भाड्याच्या घरात वापरली, भोक पाडायची परवानगी नव्हती म्हणून. वास कमी होतो, तेल जाळीत अडकतं, पण उकाडा आणि दमटपणा तसाच, भिंतीचा रंग सुटला आणि कपाटाच्या वरच्या फळ्या फुगल्या. फिल्टर धुता येत नाही, बदलत राहावा लागतो आणि संपला कधी ते कळतही नाही. दुसरा इलाजच नसेल तर घ्या.

मोजपट्टी
दमटपणाचं कारण साधं आहे. गॅस जळताना पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं, पातेल्यातून उडणारी वाफ वेगळीच. कोळसा ती वाफ धरत नाही, कार्बन डायऑक्साइड धरत नाही, कार्बन मोनॉक्साइडही धरत नाही. तो फक्त वासाचे काही रेणू धरतो. म्हणून बाहेर काढायचा रस्ता जिथं शक्य आहे तिथं बाहेरच काढावा, आणि तुमच्याकडे तो शक्य आहे. आता तो कसा न्यायचा ते बघू. वरच्या कपाटांची उंची, चिमणीच्या तोंडाची उंची आणि बीमची खालची कड, हे तीन आकडे जमिनीपासून मोजून सांगा.

उंबरठा
मोजून आले. बीमची खालची कड २.३५ मीटरवर. ओटा ८५ सेंमीचा होणार, शेगडीच्या वर पुस्तिकेप्रमाणे ६५ सेंमी सोडले की चिमणीची खालची कड दीड मीटरवर येते, वरचं तोंड १.९५ वर. कपाटं सुतार छतापर्यंत न्यायची म्हणतोय.

रंधा
इथंच उत्तर आहे बघा. कपाटं छतापर्यंत नेऊ नका, २.१० मीटरला थांबवा. मग कपाटाची वरची कड २.१० आणि बीमची खालची कड २.३५, मध्ये २५ सेंमीची मोकळी पट्टी मिळते, त्यातून १५० चा गोल पाइप सरळ बाहेरच्या भिंतीपर्यंत जातो आणि बीमला हातही लागत नाही. समोरून एक उघडणारी फळी लावून द्या, डक्टही झाकला जातो आणि कधीही उघडता येतो. वरचा माळा जातो हे खरं. पण त्या माळ्यावर काय ठेवतो आपण, वर्षातून एकदा काढायच्या वस्तू.

कपाटांच्या आतून पाइप न्यायचा आग्रह सोडायलाच हवा. एकदा आत गेला की पुन्हा कुणी तो बघत नाही, आणि सांधा सुटला तर कपाट आतून तेलकट होईपर्यंत कळत नाही.

मोजपट्टी
छान जमतंय. चिमणीचं तोंड १.९५ वर, पाइपाचा मध्य २.२२ वर धरू. एल्बोची गोलाई १५ सेंमी त्रिज्येची घेतली तर चिमणीच्या तोंडापासून एल्बोपर्यंत १२ सेंमी सरळ तुकडा मिळतो. आणखी मिळाला असता तर आवडलं असतं, पण चिमणीच्या तोंडातला फ्लॅप (हवा उलटी आत येऊ न देणारी झडप) उघडायला एवढा लागतोच, तेवढा ठेवा. मग भिंतीपर्यंतचा रस्ता थेट, वळण एकच, एकूण लांबी साडेतीन मीटरच्या आत. सरळ पाइपाचे २५ पास्कल, वळणाचे १५ च्या आसपास, बाहेरच्या टोपीचे ५० ते १००. सगळं मिळून मशीनला सहज पेलेल.

आणि उतार विसरू नका, बाहेरच्या बाजूला, मीटरमागे एक सेंमी. वाफ थंड पाइपात निवते, तिचं पाणी बाहेर टपकलं पाहिजे, मोटरवर नाही. तीन मीटरला तीन सेंमी, म्हणजे भिंतीपाशी पाइपाचा तळ २.११ च्या वर राहतो, कपाटाला टेकत नाही. काठावरचं माप आहे, पण बसतं.

पत्रेवाला
भिंतीतलं भोकसुद्धा त्याच उताराने पाडायला सांगा, नाहीतर पाइप बाहेर उतरतो आणि भिंतीत परत वर चढतो, आणि मग पावसाचं पाणीही त्याच वाटेनं आत. कोअर कटरने पाडा, छिन्नी-हातोडीने नाही, १५० च्या पाइपाला १६०-१६५ चं भोक पुरतं. आधी बघा तिथं विजेची नळी किंवा पाण्याचा पाइप जातोय का. आणि भोकाची वरची कड बीमच्या खालीच राहिली पाहिजे, बीम, कॉलम आणि खिडकीवरचा लिंटेल याला कुणी कटर लावत असेल तर काम तिथंच थांबवा, त्या सळ्यांवर घर उभं आहे.

सांध्यांचं सांगतो. पाइपाचं एक टोक चुरगळलेलं म्हणजे बारीक असतं, ते पुढच्या पाइपात जातं. हवेच्या दिशेनं बारीक टोक, म्हणजे वाहत्या हवेला कुठे कड आडवी येत नाही. स्क्रू लांब नकोत, आत टोक निघालं की त्यावर तेलाची गाठ धरते, रिव्हेट मारा. वरून ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी, कापडी नको, ती उष्णतेनं सुकून गळून पडते.

कडीकोयंडा
इथं जरा वेगळं मत आहे. आडव्या पाइपात हवेच्या दिशेनं ठीक. पण माझ्याकडे डक्ट तीन मीटर सरळ वर छतातून गेलाय, आणि हवेच्या दिशेनं बारीक टोक लावलं तर उभ्या पाइपात खाली ओघळणारं तेलपाणी प्रत्येक सांध्यातून बाहेर झिरपतं. माझ्या पाइपाला तसेच तपकिरी ओघळ आले होते. नंतर मी वरचा पाइप खालच्याच्या आत जाईल असं उलट करून घेतलं आणि ओघळ थांबले.

पत्रेवाला
उभ्या डक्टला तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण पूर्ण नाही. तुमचे सांधे मुळात हवाबंद नव्हते म्हणून झिरपलं. सीलंट आतल्या टोकाला लावून मग पाइप सरकवला आणि वरून फॉइल केली तर कुठल्याही दिशेनं झिरपत नाही. पण सीलंट वर्षानुवर्षं टिकेलच याची हमी मीही देत नाही, त्यामुळे उभ्या रस्त्याला थेंबांच्या दिशेनं, आडव्याला हवेच्या दिशेनं, असं आता मीही करत जाईन. उभ्या डक्टच्या तळाला पाणी धरणारी वाटी मिळते, तीही लावा.

पाऊलवाट
बाहेरच्या तोंडाचं पण सांगा कुणीतरी. आमच्याकडे कारागिराने मच्छरजाळी लावून दिली होती, चार महिन्यांत तेलाने बुजली.

पत्रेवाला
बारीक जाळी कधीच नको. पक्षी आत शिरू नयेत एवढ्या मोठ्या डोळ्यांची जाळी किंवा वाऱ्याने बंद होणाऱ्या पट्ट्यांची टोपी. टोपीची मोकळी जागा पाइपाच्या तोंडापेक्षा कमी नको, बाजारातल्या बऱ्याच टोप्या इथंच मार खातात, दिसायला १५० च्या आणि आत फट निम्मीच. तोंड खिडकीपासून निदान एक मीटर लांब, शेजाऱ्यांच्याही खिडकीपासून.

फ्लॅप दोन ठिकाणी असतात, चिमणीच्या तोंडात आणि बाहेरच्या टोपीत. दोन्ही ठेवलेत तर अडथळा दोनदा, आणि हलक्या वेगावर दुसरा नीट उघडतच नाही. एक ठेवा. जिथं वारा थेट भिंतीवर येतो तिथं बाहेरचा ठेवावा. आणि पहिला पाइप चिमणीच्या कॉलरवर (तोंडाच्या कड्यावर) बसवताना जो रिव्हेट मारता तो आतल्या फ्लॅपला लागत नाही ना ते हात घालून बघा. फ्लॅप अर्धाच उघडतोय आणि मालक मशीनला दोष देतोय, असं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कुठेही गेलो की आधी तिथंच हात घालतो.

कडीकोयंडा
आवाजाचा त्रास असणाऱ्यांसाठी एक. मोठी मशीन घेऊन ती कमी वेगावर चालवली की तीच हवा पुष्कळ कमी आवाजात जाते. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण लागणारी वीज आठव्या भागावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो.

मोजपट्टी
बरोबर, आणि अजून एक गोष्ट, डक्ट कितीही उत्तम असला तरी चिमणीखाली धूर सापडला पाहिजे. चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको, दोन्ही बाजूंना थोडी बाहेर आलेली उत्तम. तळण-परतण मागच्या बर्नरवर करा, पुढच्या बर्नरचा धूर समोरून निसटतो. आणि शेगडी पेटवायच्या एक-दोन मिनिटं आधी चालू करा, नंतरही थोडा वेळ चालू ठेवा.

उंबरठा
काम झालं. उशिरा लिहितेय, धुळीत बुडाले होते.

कपाटं २.१० ला थांबवली, सुतार आधी नाराज होता, पण त्याला वरचे आकडे वाचून दाखवले तेव्हा त्यानेच पाइपाची पट्टी मोजून परत खुणा केल्या. १५० चा जीआय पाइप, एक गोल एल्बो, रिव्हेट, फॉइल. एल्बोच्या पाठीला पत्रेवाल्यांनी व्यनित (खाजगी निरोपात) सुचवलं तशी उघडता येणारी टोपी बसवली, म्हणजे आत हात जातो. भोक पाडताना भिंतीत जुनी विजेची नळी निघाली, ती १० सेंमी बाजूला होती म्हणून वाचलो, नाहीतर भोकच सरकवावं लागलं असतं. आतला फ्लॅप काढून टाकला, बाहेरचाच ठेवला. आणि हो, कॉलरवरचा रिव्हेट मी स्वतः हात घालून बघितला.

पहिल्या दिवशी खिडकी बंद ठेवून पूर्ण वेगावर चालवली आणि बाल्कनीच्या दाराच्या फटीपाशी विझवलेल्या काडीचा धूर धरला, तो सरळ घराच्या आत ओढला गेला. मग खिडकी बोटभर, मग वीतभर उघडत गेले. मोजपट्टींनी सांगितलेल्या दहा सेंमीपाशी धूर जवळजवळ उभा राहिला. त्या दहा सेंमीवर आता खिडकीला एक अडकण लावून घेतलीय. गीझर बदलून होईपर्यंत चिमणी चालू असताना तो लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलंय, आणि अलार्मही लावलाय.

काल पहिल्यांदा तळण केलं. नवरा बाहेर जाऊन भिंतीखाली उभा राहिला आणि तिथून ओरडून सांगत होता की सगळा वास इकडे येतोय. मला आत काहीच येत नव्हता.

खिडकीपाशी
अडकणीचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली आपल्याकडे पण लावून घेऊ. उद्या लावतोय.

रंधा
पुढची फळी कशी उघडती ठेवलीत, बिजागरीवर की चुंबकावर? फोटो टाका जमल्यास, मला एका कामात हवंय.

उंबरठा
चुंबकावर, चार कोपऱ्यांना. ओढली की पूर्ण हातात येते. संध्याकाळी फोटो टाकते.